फळ्यावरच्या खुणा

६ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तू "बरी आहे गं" म्हणतेस आणि मोकळी होतेस, म्हणून आजपासून पत्र. डॉक्टरांनी तुला उजव्या हाताने रोज लिहायला सांगितलंय, आणि वहीत नुसत्या रेघोट्या ओढायचा तुला कंटाळा येतो हे मला माहीत आहे. मग मला लिही. किती पावलं चाललीस, व्यायाम शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येते की नाही, सगळं. अर्धांगाच्या झटक्याला चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या वर्षात जे परत येईल ते खरं. म्हणजे आपल्या हातात आठच महिने आहेत.

आता माझी बातमी. मला धुलाई विभागाची सुपरवायझर केलंय. या एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या चादरी, पडदे, डॉक्टरांचे गाऊन, सगळं आमच्या तळमजल्यावर येतं. चौदा माणसं, सहा यंत्रं. ओल्या चादरींचं एक गाठोडं वीस-पंचवीस किलोचं भरतं आणि ते दिवसभर उचलायचं असतं. गेल्या वर्षी पाच जण कंबर धरून घरी बसले. हे मला चालवून घ्यायचं नाही. मी पुस्तकं आणून वाचली, मोठ्या साहेबांची परवानगी काढली आणि ठरवलं, पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून व्यायाम. मान, खांदे, कंबर, शेवटी वीस उठाबशा. भिंतीवर एक पांढरा फळा लावलाय. त्यावर सगळ्यांची नावं आणि रोजची बरोबरची खूण.

तर आपला करार. तू तिकडे, आम्ही इकडे, आणि एकमेकींना खरं सांगायचं. फोनवर खोटं बोलायला नुसती जीभ लागते. पत्रात हात लागतो, आणि तुझा हात सध्या आळशी आहे.

घरातली पहिली पदवी माझी, पण ती मिळाली तू कारखान्याच्या पॅकिंगच्या खोलीत तीस वर्षं उभी राहिलीस म्हणून. तेव्हा तुझे पाय आता माझी जबाबदारी.

तुझी,
पदवीधर

१७ जानेवारी

चि. पदवीधर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "अजून पत्रं लिहितात होय लोक?" म्हटलं, आमच्याकडे शिकलेलं माणूस आहे, ते काहीही करतं.

तू बढतीचं एका ओळीत लिहिलंस आणि उठाबशांचं पानभर. मी तुझ्या आईच्या फोटोपुढे दोन्ही वाचून दाखवलं. ती ऐकून घेते. मी थोरली आहे ना.

मी चालते. काल खोलीच्या दारापर्यंत गेले, वॉकर धरून. परवाही गेले होते. ती मुलगी येते. गोड आहे, पण मला "आजी, शाब्बास" म्हणते. मी अठ्ठावीस बायकांची मुकादम होते, मला शाब्बास म्हणायला दुसरं कोणीतरी लागेल, असं मी मनात म्हणते.

तुझा फळा बघायला हवा एकदा. आमच्या वेळी फळ्यावर फक्त उशिरा येणाऱ्यांची नावं असायची. खूण चांगल्याची असो की वाईटाची, माणसाचा जीव तिच्यात अडकतो, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
मावशी

३० जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं अक्षर बघून मी थक्क झाले. झटक्याआधीचं नाही ते, जरा डावीकडे कललंय, पण किती सुबक. चार महिन्यांत एवढं. मी ते पत्र तसंच घेऊन विभागात गेले आणि उठाबशांच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवलं. रागावू नकोस. त्याचा उपयोग किती झाला ते ऐक.

आमच्याकडे इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडणारी एक बाई आहे. तिला सगळे 'रेडिओ' म्हणतात. ती गप्प बसली की यंत्र बंद पडलंय असं समजायचं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, शाळेत गृहपाठ केला नाही की उठाबशा काढायचो. इथे गृहपाठ करूनही काढायच्या?" सगळे हसले. पण काढतात बिचारे.

एकच माणूस अडून होता. पिळणीच्या यंत्रातून ओले कपडे काढणारे काका. अठ्ठावन्न वर्षांचे, त्यातली एकतीस इथेच. आजवर एक मिनिट उशीर नाही, म्हणून त्यांना घड्याळकाका म्हणतात. ते दहा उठाबशा काढायचे आणि कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत उभे राहायचे. आठ दिवस त्यांच्या नावापुढे खूण नव्हती. जुन्या माणसांना बदल नको असतो, असं मी वाचलंय. तुझं पत्र वाचल्यावर मी म्हटलं, "काका, माझी मावशी झटक्यानंतर दारापर्यंत चालते. तुम्हाला काय झालंय?" त्या दिवशी त्यांनी वीस पुऱ्या केल्या. ती खूण मी दोनदा गिरवली, इतका आनंद झाला.

रेडिओने तेवढ्यात विचारलं, "आणि मॅडम, तुमच्या नावापुढे खूण कोण करतं?" मी हसले. माझ्या हातात पेन असतं, कोणीतरी मोजायला हवंच ना.

पुढचं पत्र लवकर पाठव. आता चौदा जण वाट बघतात.

तुझी,
पदवीधर

९ फेब्रुवारी

चि. पदवीधर,

माझं पत्र चौदा जणांना? मी काय वर्तमानपत्र आहे? आता लिहायचं म्हणजे केस विंचरून लिहायला हवं.

बरं, लिहिते. दारापर्यंत जाणं जुनं झालं. आता जिन्यापर्यंत जाते. पाच पायऱ्या उतरले आणि पाच चढले. कठडा धरून, पण कोणाचा हात न धरता. सांग तुझ्या माणसांना.

आता हे त्यांना वाचून दाखवू नकोस, हे फक्त तुला. मी नवी नवी मुकादम होते तेव्हा एका बाईला चारचौघींत आळशी म्हटलं होतं. ती पेट्या उचलायला मागेमागे राहायची. तिसऱ्या महिन्यात कळलं, तिला दिवस गेले होते आणि काम जाईल म्हणून ती सांगत नव्हती. ते मूल राहिलं नाही. माझ्यामुळे असं कोणी म्हणालं नाही. पण मला अजून तिचा चेहरा दिसतो.

कमरेवर हात ठेवणारा माणूस रुसलेलाच असतो असं नाही. त्या काकांना एकदा एकटं गाठ आणि विचार. सगळ्यांच्या देखत नको.

तुझी,
मावशी

२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पाच पायऱ्या! मी ते फळ्यावर वरच्या बाजूला लिहिलं, "मावशी : ५ पायऱ्या". आता तुझं नाव पण आमच्यात आहे.

तू त्या बाईचं लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. काकांना विचारायचं मनात होतं, पण यंत्रं, रजा, साहेबांच्या बैठका, यातून राहून गेलं. आणि आता गरजही नाही. काकाच सगळ्यांत पुढे आहेत. गेल्या आठवड्यात चाळीस काढल्या. ते तुझ्याशी शर्यत लावल्यासारखे करतात. रोज आल्या आल्या विचारतात, "मावशींचं पत्र?" काल म्हणाले, "त्यांना कळवा, त्या रस्त्यापर्यंत गेल्या की मी पन्नास काढतो." एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस.

साहेब फळा बघायला आले होते. एकही जागा रिकामी नाही हे बघून म्हणाले, "हे सगळ्या विभागांत करायला हवं." आणि त्यांनी लेखी आदेशच काढला, आमच्या विभागात व्यायाम सक्तीचा. खाली माझी सही. मावशी, मला वाटतं माणसांना घडवता येतं. फक्त कोणीतरी मागे लागायला हवं.

तुझ्या पायांना माझा नमस्कार. रस्त्यापर्यंत कधी?

तुझी,
पदवीधर

५ मार्च

चि. पदवीधर,

रस्त्यापर्यंत गेले. परवा सकाळी. कळव त्यांना.

हात दुखतो, म्हणून एवढंच.

मावशी

१९ मार्च

प्रिय मावशी,

वाईट बातमी आहे. घड्याळकाकांना अपघात झाला. चौदा तारखेला सकाळी गाठोडं उचलताना ते खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. मणक्यातली गादी सरकली आहे. डाव्या पायात मुंग्या येतात, पाय उचलत नाही. आमच्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर ठेवलंय. त्यांच्या खालची चादर कदाचित त्यांनीच पिळलेली असेल.

बहुतेक ते चुकीच्या पद्धतीने वाकले. त्यांच्या खिशात दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, अर्धी संपलेली. म्हणजे कंबरदुखी जुनीच होती आणि त्यांनी ती लपवली.

मला अपघाताचा अहवाल लिहायचा आहे, ३१ तारखेपर्यंत. साहेबांनी बोलावून सांगितलं, "व्यायाम ऐच्छिक होता असं लिहा. माणसाने जुनं दुखणं लपवलं असंही लिहा. दुसरं तर खरंच आहे ना?" मी विचारलं, मग काकांचं काय. ते म्हणाले, दुखणं स्वतःचं असेल तर कामाला अपात्र ठरवून मोकळं करतात. आणि आपल्या सक्तीमुळे झालं असं लिहिलं तर? तर त्यांची जागा राहते, बरे झाल्यावर हलकं काम मिळतं. "पण मग सक्ती करणारी कोण, हा प्रश्न येतो," असं म्हणून त्यांनी आदेशाचा कागद माझ्यापुढे सरकवला. सही माझी.

काकांची नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. घरी त्यांची बायको आणि तिची आई.

काल त्यांना भेटायला गेले. छताकडे बघत पडले होते. मला म्हणाले, "मावशी आता किती चालतात?" मी म्हटलं, चौकापर्यंत. त्यांना बरं वाटावं म्हणून जरा वाढवून सांगितलं. ते हसले.

साहेब अगदी खोटं बोलत नाहीत, असं वाटतं मला. तुला काय वाटतं?

तुझी,
पदवीधर

२५ मार्च

चि. पदवीधर,

चौकापर्यंत मला तू चालवलंस. रस्त्यापर्यंत तरी मी स्वतःच गेले होते, खोटी का होईना.

आता नीट बसून वाच. मी पाच पायऱ्या उतरले नाही आणि चढलेही नाही. रस्ता मी खिडकीतून बघते. दारापर्यंत दोनदा गेले होते ते खरं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पडले. तासभर ओल्या फरशीवर होते. शेजारीणबाई डबा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी उठवलं. त्यांना शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. त्यानंतर वॉकर दाराआड उभा आहे, त्यावर टॉवेल वाळतो. त्या मुलीला येऊ नको म्हणून सांगितलं. मला भीती बसली आहे गं. खुर्चीतून उठायचं म्हटलं की ती फरशी गार लागते.

तुझं पहिलं पत्र इतकं आशेचं होतं. खरं लिहिलं असतं तर तू कामधाम सोडून आली असतीस. नंतर तू ते चौदा जणांना वाचून दाखवलंस. मग मला मागे येता येईना, पुढेच जावं लागलं.

आणि अक्षर. मी जन्माची डावखुरी. मास्तरांनी पट्टीने मारून मारून उजव्या हाताची सवय लावली. तुझ्या आईला ठाऊक होतं, तुला कधी सांगायची वेळ आली नाही. पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीपासून हे सगळं डाव्या हाताचं आहे. उजवा मांडीवर पडून असतो.

म्हणजे तो माणूस माझ्याशी शर्यत लावत होता, आणि मी खुर्चीत बसून होते. त्याच्या उठाबशांतल्या निम्म्या माझ्या नावावर आहेत.

आता तुझं. तू गाठोड्याचं लिहिलंस. गाठोडं उचलण्याआधी त्या सकाळी काय झालं ते लिहिलं नाहीस. लहानपणी दूध सांडलं की तू ग्लास कुठे ठेवला होता ते सांगायचीस, सांडलं ते सांगायची नाहीस. मी तेव्हाही ओळखायची.

अहवालात काय लिहायचं ते मी सांगणार नाही. मुकादम आता तू आहेस. फक्त एक कर. आधीची पत्रं वाचून दाखवलीस तसं हेही वाचून दाखव. आधी काकांना.

तुझी खोटारडी
मावशी

१२ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र अठ्ठावीस तारखेला आलं. मी ते दोन दिवस ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरले. आधी तुझा राग आला. मग तू ओल्या फरशीवर तासभर पडली होतीस हे पुन्हा वाचलं, आणि राग कुठे गेला कळलं नाही.

त्या सकाळचं आता लिहिते. तुझं रस्त्याचं पत्र मी मोठ्याने वाचलं. काका पन्नास काढायला उभे राहिले. अडतिसावर थांबले. चेहरा पांढरा पडला होता. रेडिओ म्हणाली, "पुरे काका." मी फळ्यापाशी पेन उघडून उभी होते. मी म्हटलं, "बाराच राहिल्या." त्यांनी त्या काढल्या. मी खूण केली. खुणेची शाई वाळली नसेल तेवढ्यात ते गाठोड्यापाशी बसले.

आणि आणखी एक, जे अहवालात विचारतच नाहीत. दोन महिन्यांत मी स्वतः एकही उठाबशी काढली नव्हती. माझ्या नावापुढच्या सगळ्या खुणा मीच केल्या होत्या.

तीस तारखेला पत्र घेऊन काकांकडे गेले. वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी एकटाच पळत होतो." मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मी विचारलं, "काका, तुम्ही दुखतंय म्हणून सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "पोरी, तू विचारलंस ते सगळ्यांसमोर विचारलंस. सगळ्यांसमोर माणूस काय सांगणार?"

मावशी, हेच तू मला नऊ फेब्रुवारीला लिहिलं होतंस.

एकतीसला अहवाल दिला. सक्ती होती असं लिहिलं. आदेश जोडला. अडतीसनंतर बारा मी काढायला लावल्या हे लिहिलं. त्यांनी दुखणं लपवलं हेही लिहिलं, कारण तेही खरं आहे, आणि त्याखाली लिहिलं की सांगण्याजोगी जागा मी ठेवली नव्हती. साहेबांनी वाचला. म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्या अंगावर येणार?" मी हो म्हटलं. माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा विचारलं.

काकांची जागा राहिली. नीट चालू लागले की गाऊन मोजून देण्याचं काम मिळेल, खुर्चीवरचं. मला सुपरवायझर पदावरून काढलंय. मी आता घडीच्या टेबलापाशी उभी राहते, रेडिओच्या शेजारी. पहिल्या दिवशी ती चक्क गप्प होती, मला तेच सहन होईना. मग म्हणाली, "घडीचे कोपरे तरी बघ, पदवीत हे शिकवलं नाही वाटतं." तेव्हा कुठे श्वास घेतला.

फळा मी उतरवला. सक्ती गेली, आता कोणी येणार नाही असं धरूनच चालले होते. तरी सोमवारी दहा मिनिटं आधी गेले. एकटीच. उठाबशा सुरू केल्या. बारा झाल्या आणि मी भिंत धरली. बारा, मावशी. त्याच बारा मी त्यांच्याकडून शेवटी मागितल्या होत्या. मोजायला कोणी नव्हतं, फळा नव्हता, आणि तेराव्याला उठावंसंच वाटेना. रोज अंग हलवायला माणसाला काय लागतं हे मी त्यांना शिकवायला निघाले होते. मंगळवारी तर अंथरुणातूनच निघू नये असं वाटलं. तरी गेले. बुधवारी रेडिओ आली. काल पाच जण होतो. ज्याला जेवढं जमतं तेवढं. ज्याचं दुखतं तो सांगतो आणि बसून राहतो. एकाने सांगितलं, त्याचा खांदा वर्षभर दुखतोय. मला कधी कळलंच नव्हतं.

मी पुन्हा सुपरवायझर होईन की नाही माहीत नाही. व्हावंसं वाटतं, हे तुला खोटं सांगणार नाही.

काकांनी तुला निरोप दिलाय. तसाच लिहिते. "मावशींना सांग, मी परवापासून पलंग धरून उभा राहतो. चार पावलं टाकली. मीही पडायला घाबरतो. तुमची जमतील तेवढी कळवा, पण जमलेलीच."

मी महिनाअखेर तीन दिवसांची रजा काढून येते. वॉकरवरचा टॉवेल मी काढणार नाही. तो तू काढ.

तुझी,
पदवीधर

२३ एप्रिल

पोरी,

हे उजव्या हाताने. सकाळपासून लिहिते आहे. वाचता नाही आलं तर शेजारीणबाई सांगतील.

टॉवेल काढला. ती मुलगी आली होती. शाब्बास म्हणाली. म्हणू दिलं.

काकांना सांग. पाच पावलं. मध्ये एकदा बसले.

पाचच.

मावशी